वर्गाचं ध्येय मोजता येईल असं कसं ठरवावं: नाशिक जिल्ह्यात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली, समुपदेशनात शाळा मिळाली आणि तुम्ही सुरगाणा-पेठकडच्या एखाद्या पाड्यावर किंवा निफाड-येवल्याकडच्या एखाद्या वस्तीवर हजर झालात. पहिल्या महिना-दीड महिन्यातच तुमच्याकडे एक कागद मागितला जाईल: यंदा वर्गाचं उद्दिष्ट काय? बहुतेक नवे शिक्षक जुन्या फाइलमधलं वाक्य उतरवून देतात. ‘१०० टक्के विद्यार्थी प्रगत करणे’, ‘वाचन-लेखनात सुधारणा करणे’. कागद पुढे जातो, पण सोमवारी सकाळी पहिल्या तासाला कोणाला जवळ घेऊन बसायचं, हे त्या वाक्यातून कळत नाही.

मी या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर बरीच वर्षं काम करते आहे. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत नवे सर, नव्या मॅडम दरवर्षी तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते. माझं म्हणणं थोडक्यात असं: ध्येय मुलांच्या नावांनी लिहायचं. कोणतं मूल आज कोणत्या पायरीवर आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत त्याला कोणत्या पायरीवर न्यायचं आहे, हे आधी लिहा. टक्केवारी त्यातून आपोआप निघते. टक्केवारीपासून सुरुवात केली, तर त्यातून मुलांची नावं कधीच निघत नाहीत.

खालचं बहुतेक वर्णन पहिली ते पाचवीसाठी आहे. सहावी ते आठवीबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- यंदाचा आणि गेल्या वर्षीचा हजेरीपट
- गेल्या वर्षीच्या आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाच्या नोंदी आणि वर्णनात्मक नोंदी
- पाठ्यपुस्तकं, बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच अध्ययन निष्पत्ती (त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं) छापलेल्या असतात, ते पान
- सारख्याच काठिण्याचे चार उतारे, पाठ्यपुस्तकाबाहेरचे
- शाळा विकास आराखड्याची प्रत
- एक जाड वही, प्रत्येक मुलाला एक पूर्ण पान
- मोबाइलमधलं स्टॉपवॉच

संगणक, अ‍ॅप, रंगीत तक्ते यांची सुरुवातीला गरज नाही. ज्या पाड्यावर रेंज मिळायला टेकडीवर जावं लागतं, तिथे वहीच विश्वासाची.

१. निकष काय आहेत ते आधी नीट वाचा

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, असं त्याचं लक्ष्य आहे. आपल्याला लागणारे आकडे तसे मोजकेच आहेत. पहिलीच्या मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचं अनोळखी वाक्य वाचावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत, ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात आणि ९९ पर्यंतची वजाबाकी करावी. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात आणि गुणाकाराची साधी उदाहरणं सोडवावीत.

हे आकडे म्हणजे पोहोचायचं ठिकाण. तुमच्या वर्गाचं ध्येय हेच असेल असं नाही, कारण तुमची मुलं आज कुठे उभी आहेत हे त्यात लिहिलेलं नाही.

राष्ट्रीय सर्वेक्षणांबद्दलही हेच सांगेन. ४ डिसेंबर २०२४ रोजी परख सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीच्या नमुना वर्गांचं. त्यातून जिल्ह्याचं चित्र कळतं. तुमच्या वर्गातल्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीला रफार वाचता येतो का, हे त्यातून कळणार नाही.

२. प्रत्येक मुलाला एकेकटं ऐका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि हीच सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. फळ्यावर प्रश्न लिहून लेखी चाचणी घेतली की एका तासात काम उरकतं, म्हणून तसं केलं जातं. पण ज्याला वाचताच येत नाही तो लेखी चाचणीत शेजारच्याचं बघतो किंवा कोरा कागद देतो. दोन्हींतून तुमच्या हाती काही लागत नाही.

कधी ऐकायचं? शाळा उघडल्याबरोबर नको. उन्हाळ्याच्या लांब सुट्टीनंतर मुलांची वाचनाची सवय मोडलेली असते आणि तुम्हीही त्यांना नवखे असता. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, गाणी-गोष्टी होऊ द्या, तुमच्या आवाजाची ओळख होऊ द्या. मग रोज चार-पाच मुलं घ्या, एकेकाला पाच मिनिटं. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळताना हे कसं जमणार, असं वाटेल. बाकीच्यांना अनुलेखन किंवा चित्र काढायला देऊन व्हरांड्यात बसा, जिथून वर्ग दिसतो पण मुलाचं वाचन इतरांना ऐकू जात नाही. हे अंतर राखायलाच हवं. चाळीस डोळे बघत असतील तर येत असलेलं मूलही अडखळतं.

पायऱ्या साध्या ठेवा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. २००५ पासून होणाऱ्या असर सर्वेक्षणात (‘प्रथम’ संस्थेच्या, घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या) हीच शिडी वापरतात. त्यातला परिच्छेद पहिलीच्या आणि गोष्ट दुसरीच्या पातळीची असते. सुरुवात परिच्छेदापासून करा. आला तर गोष्ट द्या, नाही आला तर शब्दांवर उतरा, तेही जड गेले तर अक्षरांवर. सगळ्यात वरची जी पायरी मुलाला जमते, ती त्याची.

गोष्ट वाचणाऱ्यांचा वेगही मोजा. एक मिनिट लावा. मूल अडलं तर तीन सेकंद थांबा, शब्द सांगा, पुढे जाऊ द्या आणि तो शब्द चुकीत धरा. स्वतःहून सुधारलेला शब्द बरोबर धरा. मग तीन-चार प्रश्न विचारा आणि त्यातला निदान एक असा ठेवा, ज्याचं उत्तर उताऱ्यात जसंच्या तसं नाही. घडाघडा वाचून एकही उत्तर न देणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांचा वेग बघून आपण निश्चिंत होतो आणि पाचवीत शाब्दिक उदाहरणं आली की ती मुलं थांबतात.

इथे मराठीची एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘घर’ हाही एक शब्द आणि ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हाही एकच. त्यामुळे उतारा बदलला की मिनिटाचे शब्दही बदलतात, मूल तेच असलं तरी. जूनला छोट्या शब्दांचा उतारा आणि दिवाळीला लांब शब्दांचा, असं झालं तर प्रगती होऊनही आकडा खाली जाईल. म्हणूनच वर सारख्या काठिण्याचे चार उतारे म्हटलं. त्यांतल्या एकूण शब्दांची, जोडाक्षरांची आणि लांब शब्दांची संख्या साधारण जुळवून घ्या. एकच उतारा चारही वेळा वापरू नका. मुलं तो पाठ करतात, आणि धाकटी भावंडंसुद्धा ऐकून पाठ करतात.

पायरीच्या शेजारी अडचण कुठे आहे तेही लिहा. ‘शब्द’ एवढं लिहून भागत नाही. ‘काना-मात्रा येतात, ऱ्हस्व वेलांटीचे शब्द अडतात’, ‘रफार पुढच्या अक्षरावर असतो हे लक्षात येत नाही, पर्वतचं पवर्त वाचतो’, ‘जोडाक्षर आलं की शब्द सोडून देते’. पुढचं सगळं शिकवणं या एका ओळीतून ठरणार आहे.

*घरची बोली.* सुरगाणा, पेठ, कळवण भागात मुलं घरी कोकणा बोलतात, त्र्यंबकेश्वरकडे काही पाड्यांवर वारली, बागलाण-मालेगाव-देवळ्याकडे अहिराणी. मुलाने ‘मला’ हा शब्द बघून ‘माले’ म्हटलं, तर त्याने तो वाचला आहे आणि समजून वाचला आहे. ती चूक धरू नका. प्रश्नाचं उत्तर घरच्या बोलीत आलं तर पूर्ण गुण द्या. तुम्हाला ती बोली येत नसेल तर अंगणवाडी ताईंना किंवा मोठ्या वर्गातल्या एखाद्या मुलीला बाजूला बसवा. मराठी कमी कळणं आणि वाचता न येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यांची नोंद वेगळी करा. मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत असाल तर शब्दमोजणीचे हे तपशील बदलतील, एकेकट्याने ऐकण्याची रीत तीच राहील.

३. गणितात उत्तरासोबत चुकीचा प्रकारही नोंदवा

गणितात किती बरोबर यापेक्षा कसं चुकलं हे जास्त कामाचं असतं. हातच्याच्या वजाबाकीचं एक उदाहरण देते. ५२ − २७ दिलं आणि मुलाने ३५ लिहिलं. याची दोन कारणं असू शकतात. एक, मूल मोठ्यातून लहान वजा करतं, वरचा-खालचा बघत नाही: ७ मधून २ गेले ५, आणि ५ मधून २ गेले ३. दोन, मूल दशक सुटा करतं, १२ मधून ७ बरोबर घालवतं, पण वरच्या ५ चे ४ करायला विसरतं. दोघांचंही उत्तर ३५. पहिल्याला स्थानिक किंमत मुळातून शिकवायची आहे, दुसऱ्याला फक्त एक सवय लावायची आहे. दोघांना एकाच गटात बसवलंत तर एकाचा वेळ वाया जातो.

म्हणून उदाहरण निवडतानाच विचार करा. ६४ − २८ द्या. पहिल्या प्रकारचं मूल ४४ लिहील, दुसऱ्या प्रकारचं ४६, आणि बरोबर उत्तर ३६. एककांमधला फरक ५ असेल तर दोन्ही चुका एकाच उत्तरात लपतात, एवढं लक्षात ठेवलं की झालं. अशी पाच उदाहरणं पुरतात. पाचपैकी चार बरोबर म्हणजे आलं, असं धरा. एकाच उदाहरणावर निर्णय नको, घाईत कोणाचंही एखादं चुकतं.

संख्याज्ञान मात्र संख्या तोंडी सांगून तपासा. ‘३०७ लिही’ म्हटल्यावर ३००७ लिहिणारी मुलं लेखी बेरजेत सहज पास होतात.

४. आता ध्येय लिहा, दोन ओळींत

समजा तिसरीत १८ मुलं आहेत. ऐकून झाल्यावर वहीत असं दिसतं: ३ मुलं अक्षराच्या पायरीवर, ५ शब्दांवर, ६ परिच्छेदावर, ४ गोष्टीवर. ध्येय असं लिहा:

‘दिवाळीच्या सुट्टीआधी गोष्ट समजून वाचणारी मुलं ४ वरून ८ होतील. अक्षराच्या पायरीवर एकही मूल उरणार नाही.’

‘३१ मार्चपर्यंत गोष्ट समजून वाचणारी मुलं १४ होतील. उरलेली चारही निदान परिच्छेद वाचतील.’

प्रत्येक तारखेला दोन विधानं आहेत बघा: वर किती चढले आणि खाली कोणी राहिलं का. दुसरं विधान गाळू नका. फक्त ‘४ चे ८’ एवढंच ध्येय ठेवलं तर तुमचं लक्ष आपोआप काठावरच्या मुलांकडे जातं. थोडा धक्का दिला की ती वर जातात, आकडा सुंदर दिसतो, आणि अक्षरावरची तीन मुलं वर्षभर तिथेच बसून राहतात. सरासरीचंही तसंच. वर्गाची सरासरी वाढली म्हणजे सगळ्यांचं वाढलं असं होत नाही.

मग त्या आकड्यांखाली हजेरी क्रमांक लिहा. कोणती चार मुलं, कोणती तीन. ही यादी तुमच्या वहीतच राहू द्या.

किती मोठं ध्येय ठेवायचं, हा प्रश्न हमखास येतो. मूल गेल्या वर्षी किती पुढे सरकलं ते जुन्या नोंदीत बघा, हजेरी बघा, आणि त्यापेक्षा थोडं जास्त मागा. सगळे १८ गोष्टीवर, असं लिहायचा मोह होईल. इच्छा तीच असावी. पण ऑक्टोबरमध्ये बघून काही ठरवता येईल असा आकडा लिहा. आणि वर्षाला दोनच ध्येयं ठेवा, एक वाचनाचं, एक गणिताचं. सात ध्येयं लिहिलेले आराखडे मी पाहिले आहेत. त्यातलं एकही कोणाच्या तोंडी नसतं.

टक्केवारी लहान वर्गात फसवते. १८ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेपाच टक्के. दोन मुलं स्थलांतराला गेली की कागदावर ‘११ टक्के घट’ दिसते. म्हणून आराखड्यात नेहमी ‘१८ पैकी ८’ असं लिहा, टक्के हवेच असतील तर पुढे जोडा.

५. तारखा ठरवताना गावाचं वर्ष बघा

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. पण मुलं वर्गात कधी असतात हे पीक ठरवतं. आपल्या जिल्ह्यात तर तालुक्यागणिक वेगळं.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आवणी, म्हणजे भाताची लावणी, असते. आई-वडील दिवसभर खाचरात, मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी. त्यात ओहोळाला पाणी आलं की पलीकडची मुलं येऊच शकत नाहीत. तिथे ऑगस्टअखेरची तारीख धरू नका. पावसानंतर द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू होते आणि याच भागातली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला उतरतात. डिसेंबर-जानेवारीत कांदा लागवड, जानेवारीपासून द्राक्षकाढणी, मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळी कांद्याची काढणी. नांदगाव-येवल्याकडे काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा, चैत्रात सप्तशृंगगडाची. वाटेवरच्या गावांत त्या दिवसांत पट अर्धा असतो.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एखाद्या जुन्या पालकाला, स्वयंपाक करणाऱ्या मावशींना किंवा सरपंचांना विचारा: कोणाची घरं कधी बाहेर पडतात, कधी परततात? गेल्या वर्षीचा हजेरीपट महिनावार चाळा, उत्तर तिथेही आहे. मग मोजणीच्या तारखा अशा आठवड्यांत ठेवा, जेव्हा पट भरलेला असतो.

स्थलांतर करणाऱ्या मुलांचं काय करायचं, हे नीट ठरवा, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच हरवतात. मूल जाण्याआधी त्याला शिक्षण हमी पत्रक (नव्या गावच्या शाळेत दाखवायचं) द्या आणि त्यावर त्याची पायरी व अडचणीची एक ओळ स्पष्ट लिहा. आई-वडील जातात आणि मूल मागे राहू शकतं अशी परिस्थिती असेल, तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत वेळेत द्या. ही कामं सप्टेंबरमध्ये करायची, छाटणी सुरू झाल्यावर नाही.

आणि तुम्ही दिंडोरी-निफाडकडच्या शाळेत असाल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बागांवरची मुलं तुमच्या दारात येतील. दाखला नाही म्हणून त्यांना थांबवायचं नाही. कायद्यात हे स्पष्ट आहे: दाखल्याला उशीर झाला हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि प्रवेश वयानुरूप वर्गातच द्यायचा. त्यांचं पहिल्याच आठवड्यात वाचन ऐका आणि वहीत त्यांना स्वतंत्र पानं द्या. ‘ही आपली मुलं नाहीत, फेब्रुवारीत जातील’ म्हणून ध्येयातून वगळू नका. चार महिने म्हणजे अक्षरावरून शब्दावर यायला पुरेसा वेळ आहे.

६. रोजचं काम ध्येयाला बांधा

ध्येय लिहून झालं की त्याच पानावर खाली तुम्ही काय करणार ते लिहा, वेळेसकट. उदाहरणार्थ: ‘परिपाठानंतर रोज ४० मिनिटं, इयत्ता न बघता, पायरीनुसार गट.’ बहुवर्ग शाळेत ही पद्धत उलट सोपी जाते. दुसरी आणि चौथीतली शब्दांच्या पायरीवरची मुलं एकत्र बसतात, चौथीच्या गोष्ट वाचणाऱ्या मुली पहिलीच्या गटाला अक्षरकार्ड दाखवतात, आणि तुम्ही सगळ्यात मागे असलेल्या गटाजवळ बसता. तुम्ही स्वतः तिथेच बसायचं. हुशार गटाला शिकवणं आनंदाचं असतं आणि पाय आपोआप तिकडे वळतात, म्हणून हे ठरवून करावं लागतं.

गटांना ‘हुशार-कच्चे’ असं मुलांसमोर कधीही म्हणू नका. फुलांची, नद्यांची नावं द्या आणि गट महिन्याला बदला.

ही ४० मिनिटं किती दिवस खरोखर झाली, त्याची टाचणवहीत (रोजच्या पाठाच्या नोंदवहीत) रोज एक खूण करा. दिवाळीला ध्येय गाठलं नाही तर पहिला प्रश्न हाच: पद्धत चुकली की तास झालेच नाहीत? खुणा नसतील तर उत्तर अंदाजाने द्यावं लागतं.

७. पंधरवड्याने थोडं मोजा, आणि आकडा हलला नाही तर

सगळ्या मुलांची पूर्ण मोजणी वर्षात तीन-चार वेळाच करा. मधे दर पंधरवड्याला फक्त दोन प्रकारची मुलं ऐका: सगळ्यात खालच्या पायरीवरची आणि काठावरची. एकेका मुलाला मिनिटभर पुरतं.

वेगात तीन-चार शब्दांचा चढउतार आला तर त्याचा अर्थ लावू नका. सकाळी जेवून आलं का, सर्दी झाली आहे का, यावरही तेवढा फरक पडतो. मात्र सलग तीन वेळा मूल तिथल्या तिथे दिसलं, तर काहीतरी बदलायलाच हवं. तपासायचा क्रम माझा असा आहे:

आधी हजेरी. महिन्यातून दहा दिवस येणाऱ्या मुलाला नवी पद्धत नको आहे, शाळेत येणं हवं आहे. घरी जाऊन या. मग डोळे आणि कान. फळ्यावरचं चुकीचं उतरवतो पण पुस्तकातलं बरोबर, हाक मारली की दोनदा मारावी लागते, अशा खुणा बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांच्यासाठी अशा मुलांची नावं आधीच काढून ठेवा आणि नुसतं वजन-उंची करून त्यांना जाऊ देऊ नका. मग वहीतली अडचणीची ओळ: आपण त्याच अडचणीवर काम करतो आहोत का? आणि सगळ्यात शेवटी साहित्य किंवा पद्धत बदला. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि नवं साहित्य करण्यात महिना जातो.

८. पालकांना आकडा नको, वाचन ऐकवा

पालक सभेत ‘तुमची मुलगी स्तर तीनवर आहे’ म्हटलं तर आई मान हलवते आणि घरी जाते. त्याऐवजी तिच्यासमोर मुलीला चार ओळी वाचायला लावा आणि सांगा, ‘जूनमध्ये ही शब्द सुटे सुटे वाचायची, आता ओळ वाचते, दिवाळीपर्यंत एवढी गोष्ट वाचायला हवी.’ हे एकेका पालकाशी वेगळं बोला. सगळ्यांसमोर कोणाचंही मूल मागे आहे असं सांगू नका, आणि नावांसकट पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावू नका. खालच्या रकान्यात रोज स्वतःचं नाव बघणारं मूल शाळेत यायचं टाळतं.

बागेवरचे, मजुरीवरचे पालक सकाळी अकराच्या सभेला येऊ शकत नाहीत. माता पालक गटाची बैठक संध्याकाळी वस्तीवरच घ्या. न शिकलेली आईसुद्धा रोज दहा मिनिटं मुलाला वाचायला बसवू शकते, आणि ‘यात काय झालं?’ एवढं विचारू शकते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. तिथे ध्येयाची ती दोन वाक्यं वाचून दाखवा, इतिवृत्तात घ्या आणि शाळा विकास आराखड्यात घाला. समितीकडे नेमकं काही मागा: ओहोळावरून मुलांना आणायला कोणीतरी, वाचनकोपऱ्यासाठी पुस्तकं. ‘सहकार्य करावे’ म्हटलं की कोणीच काही करत नाही.

९. वर पाठवायचा आकडा खरा पाठवा

केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, डायटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) अधिव्याख्याते माहिती मागतील. तक्ते वेगवेगळे असतील, रकाने वेगळे असतील. सगळे तुमच्या त्याच वहीतून भरा. जूनमध्ये स्तर मुद्दाम कमी दाखवायचा म्हणजे पुढे प्रगती मोठी दिसते, किंवा मार्चमध्ये थोडा वाढवून द्यायचा, असे सल्ले तुम्हाला मिळतील. घेऊ नका. तुम्ही परिच्छेदावर लिहिलेलं मूल प्रत्यक्षात अक्षरावर असेल, तर पुढच्या वर्षीचे शिक्षक त्याला परिच्छेद समजूनच शिकवतील. आकडा कमी आला तर सोबत कारण आणि पुढचा उपाय दोन ओळींत लिहून द्या. भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांपुढे वही उघडून ठेवली आणि ‘या तीन मुलांसाठी मदत हवी’ म्हटलं, तर बोलणं कामाचं होतं.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीसारख्या शाळेचं नाव राज्यभर झालं आहे. अशा शाळा जाऊन जरूर बघा, शिकायला खूप मिळतं. तिथले पाढे, तिथलं वेळापत्रक मात्र ध्येय म्हणून उचलून आणू नका. तुमचं ध्येय तुमच्या वर्गाच्या वहीतूनच निघायला हवं.

१०. सहावी ते आठवीसाठी थोडं

विषय वाढले म्हणून विषयागणिक ध्येय लिहू नका. आधी सगळ्यांचं वाचन आणि भागाकार तपासा. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नसेल तर अपूर्णांक, शेकडेवारी, बीजगणित सगळंच अडतं. वाचनात पाठ्यपुस्तकातला विज्ञानाचा एक परिच्छेद देऊन ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा.

शिष्यवृत्ती आणि खेडगावच्या नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा यांची तयारी जरूर करून घ्या, गरीब घरच्या मुलाचं आयुष्य त्याने बदलू शकतं. फक्त ‘यंदा पाच मुलं यादीत’ हेच वर्गाचं एकमेव ध्येय होऊ देऊ नका. बाकीच्या पंचवीस जणांनाही तुम्हीच शिक्षक आहात.

११. मार्चअखेर आणि बदली

शेवटची मोजणी मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात करा, संकलित मूल्यमापनाच्या धावपळीआधी. चौथा उतारा त्यासाठी राखून ठेवलेला असेल. प्रत्येक मुलाच्या पानावर जूनची पायरी, मार्चची पायरी आणि ‘आता पुढे काय’ याची एक ओळ लिहा. ध्येय गाठलं नसेल तर त्या मुलांची नावं आणि तुम्हाला दिसलेलं कारण वेगळ्या पानावर घ्या.

ही वही पुढच्या शिक्षकाच्या हातात द्या, समोर बसून, प्रत्येक पान बोलून दाखवत. बदलीचा आदेश मेच्या सुट्टीत आला आणि नवे शिक्षक अजून हजर झाले नसतील, तर मुख्याध्यापकांकडे सही घेऊन द्या आणि तुमच्याजवळ पानांचे फोटो ठेवा. जूनमध्ये त्यांचा फोन येईल तेव्हा ते लागतात.